उभ्या बाटलीला तुझं मत

आई, परवा मतदार यादीत तू सापडलीस. घर तेच, नाव तेच, वय मात्र यादीने दरसाल वाढवत नेलं आहे. सरकारच्या मते तू धडधाकट आहेस आणि आपल्या वस्तीतल्या देशी दारूच्या दुकानाच्या बाजूने उभी राहणार आहेस. चिडू नकोस, सांगते.

दुकान बंद करायचा नियम तुला पाठ होता. आधी वस्तीतल्या बायकांनी अर्ज द्यायचा, उत्पादन शुल्क खात्याच्या साहेबांनी सह्या तपासायच्या, मग मतदान, तेही फक्त बायकांचं. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक बाटली उभी, एक आडवी. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. पण आलेल्यांपैकी निम्म्या बायका पुरत नाहीत, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे जी आली नाही, जी लग्न होऊन कामठीला गेली, जी मेली, ती प्रत्येकजण आपोआप उभ्या बाटलीची. ज्या कायद्याखाली दारूची दुकानं चालतात त्याचं नाव दारूबंदी कायदा. पिणाऱ्यालाही परवाना मिळतो, तो म्हणे तब्येत राखायला. अशा राज्यात मेलेल्या बाईने दुकान तारलं तर नवल कसलं? मी हे पेपरातल्या माझ्या विनोदी सदरात रचून लिहिलं असतं तर वाचकांनी कळवलं असतं, बाई फार वाढवून सांगतात.

थट्टा करायची माझी खोड तुला पहिल्यापासून खुपायची. मी नऊ-दहा वर्षांची आहे. तू स्टोव्हवर झुणका परततेयस, शेजारच्या दोघी उंबऱ्यात बसल्यात आणि मी बाबांची चाल करून दाखवतेय, दुकानातून घरी येतानाची, प्रत्येक भिंतीला रस्ता विचारत येणारी. दोघी तोंडाला पदर लावून हसतात. मीही हसते. तू उलथणं खाली ठेवतेस. "हासून राहिली काय वं? हासणं सोपं असते. चौकात पडला हाये तुहा बाप. जा, त्याले उचलून आण, मग हास." मी गेले. मागून तू आलीस. बाबांचा एक हात तुझ्या खांद्यावर, एक माझ्या. चाल तीच होती, पण खांद्यावर वजन आलं की तिच्यात विनोद राहत नाही.

बाबा गेले, दुकान राहिलं. पुढे हा मतदानाचा नियम आला तेव्हा लकडगंजच्या डाळमिलमध्ये डाळ निवडायला बसणाऱ्या तुम्ही बायका अर्ज करायला निघालात. मी नुकतीच पेपरात लागले होते, डोक्यात वारं. म्हटलं, अंगठा कशाला देता, सही करा! परातीत कणीक पसरून मी तुम्हाला नाव गिरवायला बसवलं. "या वयात मले येईन काय वं?" म्हणत तू दातात जीभ धरून शिकलीस आणि अर्जावर सही ठोकलीस. मग समाजभवनात साहेब आले आणि एकेकीला पुन्हा सही करायला सांगितलं. पहिल्या सहीतली अक्षरं डावीकडे कललेली, दुसरीतली उजवीकडे, कुणाची वेलांटीच गायब. साहेब म्हणाले, "मॅडम, सह्या जुळत नाहीत." अंगठे जुळले असते. अर्ज बाद झाला, तो माझ्यामुळे. वाटेत तू रागावशील म्हणून मी चार पावलं मागे चालत होते. तू वह्या-पेनांच्या दुकानात शिरलीस, शाईच्या पॅडची डबी घेतलीस आणि माझ्या हातात दिलीस. "घे. पुढच्या बारीले कामी येईन." तू मला दिलेल्या सगळ्या वस्तूंत हीच मी कधी वापरली नाही.

यंदा काढली. शाई वाळून खडा झाली होती, नवी भरली. घरोघर फिरले, एकच सांगणं, अंगठा द्या. कॉलेजातली एक पोरगी फणकारली, "मावशी, मी इंजिनिअर होऊन राहिली ना, अंगठा देऊ?" म्हटलं, सही बँकेत कर, इथे अंगठाच. पहिला माझा लावला. तपासणीत सगळे जुळले. बाहेर दुकानवाला भेटला. "ताई, तुमी लिहितच राहा. आमच्या गिऱ्हाइकाले तुमचं लई आवडते." मला हसू आलं, तेवढ्यात तुझं उलथणं आठवलं. म्हटलं, मतदान होऊ दे, मग सोबत हसू.

मतदानाआधी यादी साफ करायची म्हणून आम्ही बायका पेन्सिल घेऊन बसलो. ज्या घरात माणूस गेलंय त्या घराने नाव वगळायचा अर्ज द्यायचा. समोरच्या काकूंनी सासूचं नाव पहिलं कापलं. "जित्ती होती तवाबी माह्या विरुद्धच होती. आता दुकानाकडून कशाले ठेवू?" सगळ्या हसल्या. मग पेन्सिल तुझ्या नावावर आली आणि काकू थांबल्या. "काहून नाई कमी केलं वं तू आतापर्यंत?"

"राहून गेलं," मी म्हणाले.

राहून गेलं नव्हतं. अर्ज मी तू गेलीस त्याच वर्षी आणला होता. पण यादीत तुझ्या खाली माझं नाव आहे. दर निवडणुकीला केंद्रावरचा माणूस माझ्या नावाखाली रेघ मारतो आणि मी वरच्या ओळीकडे बघून घेते. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही कागदावर आपण दोघी अशा शेजारी नाही. दुसऱ्यांच्या मेलेल्या सासवांवर विनोद करणारी मी, माझ्या आईला इतकी वर्षं दारूच्या दुकानात बसवून आले.

आता नाही. उद्या अर्जाचा शेवटचा दिवस आहे. तुझा दाखला जोडला, कारणाच्या रकान्यात जो शब्द लिहायचा तो लिहिला. अंगठा चालत नाही म्हणाले, म्हणून सही केली, तिसऱ्या कागदावर नीट आली. हे पत्र कुठे टाकायचं नाही, अर्ज मात्र उद्या कचेरीचं दार उघडताच देणार आहे.

यादीतलं आपलं पान तेवढं मी काढून घेतलं. काकूंना सांगितलं, हरवलं.