अर्धवट खुर्ची सोडून आईला माहेरी नेण्यास परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक अधिकारी,
वसाहतकालीन हस्तकला नगर योजना,
जुनी जकात कचेरी, पहिला मजला.

विषय : वेतकामाची ओसरी काही दिवस बंद ठेवून, आईसह सहकुटुंब हस्तकला नगरांच्या प्रवासास जाऊ देणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा याच विषयावरील आधीचा अर्ज. २) त्यावर आपल्या हेडक्लार्कसाहेबांनी खिडकीतून दिलेले तोंडी उत्तर.

महोदय,

१. सदर अर्जदार बंदराच्या रस्त्यावरील, आपल्या योजनेत समाविष्ट असलेल्या घरात राहतो व त्याच घराच्या ओसरीवर पाहुण्यांसमोर बसून वेताच्या खुर्च्या विणतो. 'खुर्च्या' हे सवयीने लिहिले गेले; खुर्ची एकच आहे. पाहुण्यांना काम कायम अर्धवट दिसले पाहिजे, असा आपला दंडक आहे. त्यामुळे अर्जदार दिवसभर बैठकीची जाळी विणतो आणि संध्याकाळी फाटक लागले की तीच जाळी उसवतो. वेत तुटला की नवा मिळतो, खुर्ची तीच राहते. अर्जदाराची मुलगी या खुर्चीखाली रांगली, आता ती कॉलेजात जाते. बायकोचे म्हणणे असे की, लग्न झाल्यापासून माणूस कामात आहे आणि काम म्हणून काही होत नाही. याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. ओसरी सोडली तर घरही सोडायचे, असे करारात आहे. तेव्हा तक्रार करून जाणार कुठे?

२. आता प्रवासाविषयी. आपल्या माहितीपत्रकावर 'तीन जुनी नगरे, सहकुटुंब पाहा' असे मोठ्या अक्षरांत छापले आहे व त्याखाली अर्जदाराचाच फोटो आहे. ते वाचूनच घरच्यांच्या मनाने उचल खाल्ली. मुलीने स्वयंपाकघराच्या दारावर नकाशा चिकटवला. पहिला मुक्काम रंगीत फरशांच्या गावी, कारण बायकोला ओट्यामागे लावायला निळी फरशी स्वतः निवडायची आहे. दुसरा नदीकाठी, पितळी दिवे घडवणाऱ्यांच्या गल्लीत. तो मुलीचा हट्ट. शेवटचा डोंगरावरच्या लेसच्या गावी. अर्जदाराला स्वतःला विशेष काही पाहायचे नाही. दुसरा माणूस काम करत असताना आपण हात मागे बांधून उभे राहावे, एवढीच हौस आहे.

३. लेसचे गाव हे अर्जदाराच्या आईचे माहेर. तिची धाकटी बहीण, म्हणजे अर्जदाराची मावशी, तिथे आपल्याच योजनेत अशाच एका ओसरीवर बसून क्रोशाने लेस विणते. मावशीला उठता येत नाही आणि आम्हाला निघता येत नाही, यात दोघी बहिणींची वर्षानुवर्षे गाठ नाही. मावशी ठार बहिरी असल्याने फोनचा उपयोग शून्य. तेव्हा आईने स्वतःची व्यवस्था लावली आहे. पाहुण्यांपैकी कोणी डोंगराकडे जाणार असेल, तर आई त्याच्याजवळ चिठ्ठी देते : गुडघ्याला शेक घेत जा, उशाशी पाणी ठेव, माझ्यावरचा जुना राग सोड. तिकडून येणारे पाहुणे मावशीचा फोटो दाखवतात. आईला मोतीबिंदू झाला आहे. ती फोन नाकाला लावून बघते आणि म्हणते, "वाळलीय, पण बरी आहे." डोळे पुरते जाण्याआधी तिला एकदा बहिणीच्या तोंडावरून हात फिरवायचा आहे. हा सगळा प्रवास खरे तर त्यासाठी आहे. फरशी आणि दिवे हे आम्ही आपले वाटेत घालून घेतले.

४. आधीचा अर्ज घेऊन अर्जदार कार्यालयात आला, तेव्हा हेडक्लार्कसाहेबांनी तो वाचून हसत परत दिला. ओसरी रिकामी दिसता कामा नये, असे ते म्हणाले. अर्जदाराने स्वतःच्या मेव्हण्याचे नाव सुचवले. तोही वेतकाम जाणतो, उंचीही तीच, मिशी तो वाढवील. त्यावर साहेबांचे शब्द असे : "मूळ माणूस आहे तोवर आम्ही बदली बसवत नाही. तो गेला की मग बसवतो. तुम्ही अजून आहात ना?" अर्जदाराने आहे असे सांगितले व तो घरी आला.

५. त्यानंतर डोंगराकडून आलेल्या एका पाहुणीने आईला फोटोऐवजी चालता व्हिडिओ दाखवला. त्यात मावशीची ओसरी होती, मावशीची पांढरी कॉलर होती, चष्माही तिचाच होता. आई खूश झाली. "हात बघ कसे झरझर चालतात अजून," असे तिने सर्वांना बोलावून सांगितले. अर्जदारानेही हात पाहिले. मावशी डावखुरी आहे, महोदय. लहानपणी त्यावरून तिने मार खाल्ला, तरी सुई कधी उजव्या हातात धरली नाही. व्हिडिओतली बाई उजव्या हाताने विणत होती.

६. हे सांगायला अर्जदार पुन्हा खिडकीशी आला, तेव्हा फोनमध्ये उलटे दिसते, असे हेडक्लार्कसाहेब म्हणाले. परंतु त्या बाईच्या मागे आपल्या योजनेची पाटी होती आणि ती सुलट वाचता येत होती. अर्जदाराने डोंगरावरच्या कार्यालयात फोन केला. मावशी कशी आहे, या प्रश्नावर तिथल्या बाईंनी "कारागीर जागेवर आहेत" असे उत्तर दिले. कोण कारागीर, असे विचारता पुन्हा तेच उत्तर मिळाले. नियम आपलाच आहे : मूळ माणूस आहे तोवर बदली नाही. अर्जदार फार शिकलेला नसला, तरी एवढे त्याला कळते.

७. हे अर्जदाराने आईला सांगितलेले नाही. बायकोला माहीत आहे, ती ओट्याकडे तोंड करून रडते. आई मात्र पाहुण्यांजवळ चिठ्ठ्या देतच आहे आणि ती उपरी बाई त्या घेतही असेल. अर्जदाराला आईला त्या दारापर्यंत न्यायचे आहे. फोनच्या काचेवरून तिला हे कळू नये, बहिणीच्या उंबऱ्यावर बसून कळावे, एवढेच मागणे आहे. तिथे निदान शेजारणी असतील, मावशीला ओळखणाऱ्या. इथे सांगायला अर्जदाराची जीभ उचलत नाही.

८. आणखी एक गोष्ट कळवणे भाग आहे. काल फाटक लागल्यावर अर्जदाराने जाळी उसवली नाही. शेवटची पट्टी ओढली, टोके कापली, खुंट्या ठोकल्या. खुर्ची पूर्ण झाली आहे. आज सकाळपासून आई तीत बसली असून तिची प्रवासाची पिशवी मांडीवर आहे. पिशवीत बहिणीसाठी लोकरीचे मोजे आहेत. पाहुण्यांना पाहण्यासारखे दुसरे काही ओसरीवर शिल्लक नाही.

तरी परवानगी द्यावी, ही विनंती. ती नाकारायची झाल्यास लेखी उत्तर किंवा हेडक्लार्क पाठवू नये. आपण स्वतः यावे, आईला खुर्चीतून उठवावे आणि का उठायचे ते तिला सांगावे. तिला डोळ्यांनी कमी दिसते, पण ऐकू चांगले येते.

ओसरीवरून उठण्याची वाट पाहणारा,

(सही)
वेतकाम कारागीर, बंदर रस्ता

दिनांक : आवक शिक्क्यावर पडेल तो

सोबत :
१) माहितीपत्रक, अर्जदाराच्या फोटोसह.
२) गुरुवारच्या गाडीच्या तिकिटांच्या प्रती. जाताना चार, परत येताना पाच. पाचवे आईने मावशीसाठी काढायला लावले आहे.