परत न आलेलं कोहळं

आर्णी
डिसेंबरचा दुसरा रविवार

प्रिय बाबा,

हे पत्र फाडलंत तर मी दुसरं लिहीन, आणि ते याच्या दुप्पट लांब असेल! फोनवर आर्णीचं नाव काढलं की तुम्ही "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होता. पत्राला तसं करता येत नाही. आणि चष्म्याची सबब सांगू नका, आईला वाचून दाखवायला सांगा.

दोन वर्षांपूर्वी नागपूरला दादाकडे निघताना तुम्ही चर्चला कुलूप लावलंत, किल्ली माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, उज्ज्वला, या मातीत काही रुजत नाही. इतकी वर्षं पाळक म्हणून सायकलवर गावोगाव सुवार्ता सांगत फिरलेला माणूस असं बोलतो तेव्हा लेकीला काय वाटतं ते तुम्हाला नाही कळायचं. तुमच्या शेवटच्या उपासनेला आपल्याच घरची माणसं होती, आणि धनसिंगभाऊ. आता जानेवारीत मंडळाची बैठक आहे. आर्णीचं चर्च बंद करून आपल्याला दिग्रसच्या मंडळीत जोडायचं का, ते तिथे ठरणार. तुम्हीच "बंद करा" म्हणणार आहात, हे मला कळलंय, आणि तुमचा शब्द तिथे कोणी मोडणार नाही. म्हणून आधी माझं ऐका. त्याच किल्लीने मी दर रविवारी चर्च उघडते, आणि दिग्रसचे नवे पाळक येऊन उपासना घेतात. अहो, इथे नुसती धमाल चाललीय!

यंदा हंगामाचा सण आम्ही चर्चच्या आत केलाच नाही. कल्पना धनसिंगभाऊंची. म्हणाले, "लोक आत याले लाजतात, तं आपणच बाहेर निघू." रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली सतरंजी टाकली, माईक लावला आणि देवाला वाहिलेलं पीक मांडलं. वांगी, सोयाबीन, कापूस, एक रागीट कोंबडा, आणि मधोमध धनसिंगभाऊंच्या परसातलं, आई ज्याला लाल भोपळा म्हणते ते लालभडक कोहळं, दोन हातांत मावेना एवढं. लिलाव पुकारायलाही तेच उभे राहिले. कापसाच्या बाजारात हमाली करून कमावलेला आवाज त्यांचा, बसस्टँडवरची माणसं वळून पाहू लागली. शेजारच्या तुरीच्या शेतातून वामनरावही गलका काय म्हणून बघायला आले, आणि बघता बघता रंगात येऊन बोली लावायला लागले. कोहळं त्यांनाच सुटलं. त्यांनी तिथल्या तिथे पैसे दिले, कोहळं खांद्यावर घेतलं आणि चालू पडले.

आता आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. लिलावात घेतलेलं आपण देवाला परत देतो, ते पुन्हा पुकारलं जातं, एकच कोंबडा सगळ्यांच्या हातून फिरतो. बाहेरच्या माणसाला हे कोण सांगणार? आम्हाला सुचलंच नाही! सगळे एकदम ओरडले, "परत द्या, परत द्या!" वामनराव असे भडकले म्हणून सांगू! "पैसे देल्ले ना मी? मंग परत काहून देऊ?" असं म्हणून झपाझप चालायला लागले. त्यांना समजवायला धनसिंगभाऊ माईक हातात घेऊनच मागे धावले, वायर ताणली आणि स्पीकर धाडकन आडवा. मी डोक्याला हात लावून खालीच बसले.

हसताय ना? मला नव्हतं हसू येत. चर्चवाले विकलेला माल हिसकावून घेतात, असं चहाच्या टपरीवर बोललं जाऊ लागलं. एवढंच मंडळाच्या कानावर गेलं असतं तर बैठकीचीही गरज नव्हती. माफी मागायला दोनदा वामनरावांकडे गेले, दोन्ही वेळा घराला कुलूप. आता संपलंच सगळं, असं वाटून मी रडलेसुद्धा.

पुढच्या रविवारी पहिलं गीत सुरू झालं आणि दारात वामनराव! चपला काढून, टोपी हातात घेऊन उभे. मागे त्यांची बायको इंदुताई, त्यांच्या हातात कोहळ्याच्या बाकरभाजीने भरलेला पितळी गंज. वामनरावांनी खिशातून कागदाची पुडी काढली. म्हणाले, "इंदू म्हणते, तुमच्यात देवाले परत द्या लागते. कोहळं तं पोटात गेलं, ह्या बिया घ्या." धनसिंगभाऊ कसले थांबतात! उपासना संपल्याबरोबर त्यांनी पुडीचाच लिलाव पुकारला. वामनरावांनी सगळ्यांच्या वरताण बोली लावून ती पुन्हा घेतली, उंच धरली आणि ओरडले, "घ्या, परत देल्ली!" बाबा, आपल्या चर्चमध्ये एवढं हसणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्या बिया कुंपणाला लावल्या. वेल तारेवर चढलाय आणि कालपासून पिवळी फुलं यायला लागलीत.

कोहळ्याची गोष्ट गावभर झाली. मजा बघायला आलेली माणसं गाण्यांना थांबली, मग आपल्या घरी प्रार्थनेला बोलवू लागली. बोलावतील तिथे आम्ही जातो, बसतो, त्यांचंही ऐकतो. मागच्या रविवारी ओसरीत चटया टाकाव्या लागल्या. सगळे ख्रिस्ती होतील असं मी म्हणत नाही. वामनराव तर तोंडावर सांगतात, "मी माह्या देवाचा, पण तुमची गाणी मले आवडतात." आवडू द्या की!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. इंदुताईंना आपली रीत कशी माहीत, असं मी परवा विचारलं. त्या म्हणाल्या, तुह्या बाबांनीच सांगितली. दर उन्हाळ्यात तुम्ही त्यांच्या विहिरीवर सायकल टेकवायचात, पाणी प्यायचात, दोन गोष्टी सांगायचात आणि जाताना त्यांच्या घरासाठी प्रार्थना करायचात. तुम्हाला वाटायचं, बाई नुसती पाणी देते. बाबा, त्यांना ती प्रार्थना पाठ आहे. डोळे मिटून अख्खी म्हणून दाखवली मला, तुम्ही मधे घसा खाकरता तिथे त्याही खाकरल्या. त्यांना बाप्तिस्मा घ्यायचा आहे, वामनरावांनी आनंदाने हो म्हटलंय, पण नव्या पाळकांना इंदुताईंनीच थांबवून ठेवलंय. त्यासाठीच हे पत्र. बैठकीत काय बोलायचं ते मागाहून ठरवा, आधी नाताळला या. इंदुताईंचा निरोप त्यांच्याच शब्दांत देते: "मी पास्तरले लय पाणी पाजलं, आता त्याच्या हातचं पाणी माह्या डोक्यावर पडू दे."

किल्ली सांभाळून वाट पाहणारी, तुमचीच
उज्ज्वला