हरणी सापडली

बरकतपुरा, हैदराबाद
१२ जानेवारी १९९५

प्रिय दादास,
धाकट्या रेणूचा नमस्कार. आम्ही इथे बरे आहोत. तू दिलेली कुत्री, हरणी, पळून गेली, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ती सापडली, धडधाकट आहे.

शिकारी जात ती, दोन खोल्यांत तिचा जीव रमत नव्हता. सकाळी गच्चीवर पन्नास फेऱ्या मारायची, तरी दुपारी नव्या फोनची वायर कुरतडायची. हे चिडायचे. मला वाटायचं, होईल सवय.

ह्यांना परदेशी कंपनीची एजन्सी मिळाली. रविवारी कंपनीच्या इथल्या साहेबांनी हिमायतनगरला घरी जेवायला बोलावलं. अंगणात हरणी साखळीला बांधलेली. मला पाहून तिने साखळीला हिसडे दिले. साहेब ह्यांच्याकडे बोट दाखवून हसत म्हणाले, "कुलदीप साब ही दिये ना, भाभी. आपको नहीं मालूम?"

हे खाली वाकून बुटाची नाडी सोडत राहिले.

मी न जेवताच तिला सोडवून चालत घरी आणलं. आता एजन्सी जाईल म्हणून हे माझ्याशी धड बोलत नाहीत.

दादा, कुत्री देऊन टाकली हे मी एक वेळ समजून घेईन. पण आठ दिवस हे माझ्याबरोबर चिक्कडपल्लीपर्यंत तिला हाका मारत हिंडले. मी रडले तेव्हा डोळेही ह्यांनीच पुसले.

आईला यातलं सांगू नकोस. तिचे गुडघे कसे आहेत?

काल हे "दुकानात जाऊन येतो" म्हणाले, तर मी गच्चीवर जाऊन ते कुठे वळतात ते बघत उभी राहिले.

तुझी,
रेणू