चिमणीची परीक्षा

कोल्हार, २ जानेवारी १९४७

पुन्हा परीक्षक झालो! पेन्शनीत गेल्यावर कुणाला पास-नापास करायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

गेल्या जत्रेत भिमाजी पंचांच्या नातवाने लाकडी हत्तीचा डोळा गिळला. तो बाहेर येईपर्यंत अख्खं घर काठ्या घेऊन परसात! म्हणून पंचायतीचा ठराव – ज्याचा रंग जातो, तुकडा सुटतो, ते जत्रेत आणायचं नाही. मास्तरांनी तोंडात घालून तपासायचं, मगच विकणाऱ्याने पाल ठोकायचं.

"तुमी शिकल्याले. तुमीच चाटा," भिमाजी म्हणाले.

३ जानेवारी

जीभ हिरवी. पोपट नापास.

ही म्हणते, "हलत्या दाताने घोडे कसले चावताय? आता बारसंही करू का तुमचं?"

४ जानेवारी

आज राहीबाई कुंभारणीची मातीची चिमणी. शेपटीला चांगलं रुंद भोक, त्यात फुंकायचं. हातात घेतली आणि दुसरीच्या पुस्तकातली चिमणीची कविता आठवली – ती शाळा, ते सारवण... डोळे भरून आले. त्याच भरात शेपटी दातांत धरून जोरात फुंकलं. आधी वाजली, मग आतून खुळखुळलीसुद्धा! शिट्टीची शिट्टी, खुळखुळ्याचा खुळखुळा. पैकीच्या पैकी गुण!

"मास्तर, तेवढं पाल ऱ्हाऊ द्या," राहीबाई म्हणाली. "वरीसभर याच जत्रंवर चूल पेटती."

संध्याकाळी कविता म्हणायला बसलो तर शब्दाशब्दाला वारा सुटतो. थंडी फार.

६ जानेवारी

अनर्थ! भिमाजींच्या नातवाने – तोच तो – ती चिमणी आपटली. आतून माणसाचा दात निघाला!

एकच ओरड – राहीबाईने मसणवट्यातली माती आणली! बायांनी पोरांच्या हातातली खेळणी हिसकून प्रवरेत टाकली. भिमाजी कडाडले, "उद्या पाल उठलंच पायजे!"

"देवीची आन, माती माज्या परसातली हाय! मास्तर, तुमी तरी सांगा!"

मी काय सांगणार? दात या डोळ्यांनी पाहिला. पिवळा, किडका. असेल कुणा पापी म्हाताऱ्याचा.

७ जानेवारी, सकाळ

हिने उसाचं कांडं पुढे केलं. चावायला गेलो – समोरचा दातच नाही!

पागोटं घालून निघालोय. भर जत्रेत तोंड उघडून दाखवणार. चिमणी पास. तुकडा सुटतो तो माझा – ठरावाप्रमाणे जत्रेत बंदी मलाच!