सहावा वळसा

आकुर्डी,
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा,

पाया पडते. मी ठणठणीत आहे. तुमचा खोकला काय म्हणतोय? आईला म्हणावं, तिळाच्या वड्या संपल्या. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. म्हणून पत्र. शेवटपर्यंत वाचा, मगच चिडा.

आधी तो फ्लेक्स उतरवा. राजगुरुनगरच्या चौकात माझा एवढा मोठा फोटो, 'शास्त्रज्ञ कन्येचा सत्कार', रविवारी शाल-श्रीफळ! शेजारच्या दौलतरावकाकांनी फोटो पाठवला तेव्हा कळलं मला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, बाबा!

ज्या शोधनिबंधासाठी सत्कार आहे, तो मी मागे घेतेय.

नीट सांगते. रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या अंगावर रिसेप्टर नावाचं प्रथिन असतं. समोरचं आपलं की परकं, हे पेशी त्यानंच चाचपून ओळखते. त्याच्या टोकाला सहा वळसे असतात, बोटांसारखे. आम्ही ते प्रथिन गोठवून लाखो फोटो काढतो आणि ते जुळवून आकार उभा करतो. पाच वळसे लख्ख दिसले. सहावा सारखा हलतो, म्हणून काहीच उमटलं नाही. तिथली जागा रिकामी सोडायची असते. मी सोडली नाही. कॉम्प्युटरनं अंदाजानं दिलेला वळसा तिथं बसवला आणि आम्हाला दिसला म्हणून छापून मोकळी झाले.

तुम्ही चाकणच्या कारखान्यात तीस वर्षं मालाच्या तपासणीत काढलीत. माप न घेता नुसतं ड्रॉइंग बघून रकाने भरणाऱ्यांना तुम्ही कसे झापायचात, मला पाठ आहे. मी तेच केलं. त्या वळशावर बसेल असं औषध बेतायला आमच्या लॅबमधली आठ माणसं वर्षभर राबली. ते काही बसेना.

मागे घ्यायचं म्हटल्यावर लॅबचे साहेब म्हणाले, "मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची. कोण बघायला येतंय?"

म्हटलं, "सर, उद्या पेशंट येतील ना."

इथवर लिहिणं सोपं होतं.

माझी ज्युनिअर अनुया आठवते? गेल्याच्या गेल्या दिवाळीत आपल्याकडे आली होती, आईच्या चकल्या डबा भरून घेऊन गेली होती. मी तो वळसा बसवला तेव्हाच तिनं सांगितलं होतं, "मॅडम, इथं मला काहीच दिसत नाहीये." मी सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला बघता येत नाही." तिनं नोकरी सोडली. तुम्हाला मी सांगितलं, तिचं लग्न ठरलंय. खोटं होतं ते, बाबा. फार लाज वाटते.

काल आळंदीला तिच्या घरी गेले. ती दारातच उभी राहिली.

"काढला तो वळसा?"

"काढला."

"आणि चूक कोणी दाखवली?"

"तू. संपादकांना तसंच लिहिलंय."

ती दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "या आत. चहा टाकते."

सोमवारी ती परत रुजू होतेय. प्रकल्प तिच्याकडे द्या, असं साहेबांना मीच लिहून दिलं. आकार पुन्हा उभा करू आणि या वेळी चोख करू. खात्री आहे मला.

रविवारी जेवायला येते. हवं तेवढं ओरडा, पण गप्प बसू नका. तुमचं गप्प बसणं मला सोसत नाही.

सोमवारपासून अनुयाच्या हाताखाली काम करणारी,
तुमची मधू