रिकाम्या सिलिंडरचा आवाज

३ तारीख, सोमवार
आज रुग्णालयात रुजू झालो. वॉर्डात बावीस खाटा आहेत. प्राणवायूचे सिलिंडर बदलणे हे माझे काम. सगळ्यांचे दाब दाखवणारे काटे मोडलेले, म्हणून मुकादम पान्याने ठोकून पाहतात. भरलेला बद्द वाजतो, रिकामा खणखणतो. मी एकदाही चुकलो नाही. मुकादम म्हणाले, तुला कान आहेत, अक्कल येईल हळूहळू. दादाने त्याचे बूट दिलेत. किंचित सैल होतात, पण वहिनी म्हणते रुबाब आला.

६ तारीख, गुरुवार
साथ वाढली. खाटा बावीस, माणसे एकेचाळीस. सिलिंडरची गाडी दोन दिवस आली नाही. अकरा नंबरच्या मास्तरांचा रिकामा झाला म्हणून काढायला गेलो, तर मुकादमांनी हात धरला. नळी लावलेली दिसली की नातेवाईक शांत राहतात, नाहीतर परवासारखा सिस्टरवर हात उगारतील, असे त्यांचे म्हणणे. डॉक्टर एकच; त्यांनी मान खाली घातली. मास्तर दुपारी गेले. त्यांच्या मुलाने माझे आभार मानले.

८ तारीख, शनिवार
गाडी नाही. आज नऊ रिकामे जोडले, माझ्या हाताने. नऊही जणांच्या घरच्यांना धीर दिला. रिकामे आता न ठोकताच खणखणतात. मुकादमांना काही ऐकू येत नाही. म्हणाले, जरा झोप घे.

९ तारीख
दादाला आणले. खाट चौदा. ओठ निळे. वहिनी दाराशी उभी. गाडी निघाली आहे, असे तिला सांगितले — खोटे. बद्द वाजणारा एकच उरलाय. सोळा नंबरच्या आजींचा. त्यांची लेक पाय चेपत बसते, हलत नाही.

१० तारीख
लेक पाणी आणायला गेली. आजींचा आणि दादाचा बदलला. तीन मिनिटे लागली. आजी जाग्या होत्या. विचारले, "तुझा कोण रे तो?" भाऊ, म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि —

दुपार
आजी गेल्या. लेक अजून पाय चेपतेय.
दादाचे ओठ निळेच. सिलिंडर ठोकला: बद्द. पुन्हा ठोकला: खण. पुन्हा — आता कळत नाही. भरलेला होता ना? होता. नक्की हो—
वहिनीने माझा हात धरला. "भावजी, खरं सांगा." तोंड उघडले, आतून नुसते खण —