सहावीच्या पानावरील हिरवा रंग

प्रति,
मा. संगणक विभाग प्रमुख,
शाळा समितीचे कार्यालय.

विषय : सहावीच्या ऑनलाइन पानावरील दिवंगत वर्गशिक्षिकेचे खाते एकदम बंद न करणेबाबत.
संदर्भ : सदर खाते बंद करण्याची आपल्या कार्यालयाची सूचना.

महोदय,

अर्जदार नळदुरुस्तीची कामे करतो. सहावीच्या ज्या वर्गशिक्षिका आजारपणात वारल्या, त्यांचा तो नवरा. घरातले लिहिण्याचे काम त्यांच्याकडे असे, तरी भाषेत काही कमीजास्त झाल्यास समजून घ्यावे.

१. बाईंनी (अर्जदारही त्यांना बाईच म्हणे) वर्गासाठी एक ऑनलाइन पान केले होते. एकाने प्रश्न लिहायचा, बाकीच्यांनी खाली उत्तरे लिहायची, प्रत्येकाचा रंग वेगळा. बाईंचा हिरवा. नियम असा की, दुसऱ्याचे उत्तर कोणी पुसायचे नाही. चुकीचे वाटले तर त्याखाली प्रश्न विचारायचा. पोरे एकमेकांकडून जास्त शिकतात, आपण मध्ये तडमडू नये, असे बाईंचे म्हणणे होते.

२. शाळेत जाणे बंद झाल्यावर बाई अंथरुणावरून पान बघत आणि अर्जदार त्यांना ते वाचून दाखवी. बाई गेल्यावरही त्याने ते सोडले नाही. दुपारी कामावरून येऊन, ताट पुढ्यात घेऊन तो बाईंचा संगणक उघडी. पोरांची अक्षरे उमटत असली की घरात कोणी आहे असे वाटते, एवढेच कारण. संगणक उघडला की पानाच्या वर बाईंच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो, हे त्याला ठाऊक नव्हते. पोरांना तो दिसत होता. त्यांनी मोठ्यांपैकी कोणालाही सांगितले नाही.

३. एका मुलीने विचारले, "आमच्याकडे नळ बंद केला की भिंतीत ठोके पडतात. का?" खाली उत्तरे आली. "भूत." "उंदीर." उंदराखाली कोणीतरी विचारले, "उंदीर नळ बंद केल्यावरच का ठोकतो? त्याला काय कळतं?" त्यावर "हुशार असेल, तुझ्यासारखा नाही." अर्जदार बऱ्याच दिवसांनी हसला. पण खरे उत्तर काही येईना. त्याचे सगळे आयुष्य नळांत गेलेले, त्याला राहवले नाही. त्याने लिहिले, "नळ एकदम बंद केला की धावत आलेलं पाणी अडतं आणि पाइपला धक्का देतं. हळू बंद करा." अक्षरे हिरवी उमटली.

४. लगेच एकाने लिहिले, "बाई?" दुसऱ्याने, "गप रे, असं नसतं." "मग हिरवं कोण लिहितंय?" अर्जदाराने घाबरून संगणक मिटला. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने लिहिले होते, "बाई, हळू बंद केला. ठोके थांबले. तुम्ही बऱ्या झालात का?"

५. त्यानंतर एका पालकाने तक्रार केली. ती रास्तच आहे. आपल्या कार्यालयाने ते उत्तर आणि त्याखालचे सगळे पुसून टाकले. अर्जदाराचे गाऱ्हाणे एवढेच की, त्या पानावर पुसण्याची पद्धत नाही. उत्तराखाली "तुम्ही कोण?" असे विचारायला हवे होते. त्याने लगेच सांगितले असते. त्याला हल्ली कोणी काही विचारत नाही, जेवलात का एवढेसुद्धा.

६. सबब विनंती अशी :

(अ) पुसलेले उत्तर परत लावावे. त्याखाली अर्जदार स्वतः लिहील की हे बाईंनी लिहिलेले नाही, आणि बाई बऱ्या झाल्या नाहीत. त्या मुलीला हे कोणीतरी सांगायला हवे. तो सांगेल.

(ब) अर्जदाराला पोरांनी न घेतलेला एखादा रंग द्यावा. राखाडी चालेल. नळाच्या प्रश्नांपुरतेच तो लिहील, एरवी वाचील.

(क) पानावर फक्त विद्यार्थीच असावेत असा नियम असल्यास अर्जदाराला सहावीत दाखल करून घ्यावे. तो सातवी पास आहे, पण एक इयत्ता मागे यायला त्याची ना नाही. परीक्षा देईल. बाक स्वतः आणील, कारण शाळेच्या बाकावर त्याचे गुडघे मावणार नाहीत.

(ड) यातले काहीच जमत नसेल तर खाते बंद करावे, पण एकदम नको. आधी पोरांना सांगावे. त्यांना बाईंना जे लिहायचे असेल ते लिहू द्यावे, मग हिरवा ठिपका घालवावा. अर्जदार त्या दुपारी संगणक उघडून बसेल. काही लिहिणार नाही.

नळ बंद करण्याबाबत त्याने जे लिहिले होते, तेच तो येथे खात्यासाठी मागत आहे.

उत्तराची वाट पाहत,
आपला नम्र,
(सही)
बाईंचा नवरा, नळदुरुस्तीवाला

दिनांक : अर्ज कार्यालयात पोचेल तो

सोबत :
१. बाईंच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत
२. अर्जदाराचा शाळा सोडल्याचा दाखला (सातवी)
३. पानाचे नियम, बाईंच्या हस्ताक्षरात. स्वयंपाकघराच्या दारावरून काढून जोडले आहेत. पाहून परत करावेत, दार ओकेबोके दिसते.